अस्वल केवढे होते?

शिकारकथा नावाचे जे वाङ्मय जगाच्या पाठीवर सर्वत्र आढळते, त्यात एक प्रश्न असा आहे की, तो ऐकणाऱ्याने विचारल्यावाचून राहत नाही आणि सांगणाऱ्याने त्याचे सरळ उत्तर दिल्याचे क्वचितच दिसून येते. ‘जनावर केवढे होते?’ हाच तो प्रश्न. शिकारी थोडे वाढवून सांगतो, ऐकणारा मनातल्या मनात थोडे कमी करून घेतो, आणि अशा रीतीने दोघांचाही हिशेब बरोबर जुळतो, असा सर्वसाधारण समज आहे. शिकाऱ्याच्या अतिशयोक्तीने कोणाचे काय बिघडते, असेही पुष्कळांस वाटते. आम्हांस हे मत मान्य नाही. जनावराचे माप कसे घेतले जाते व कसे सांगितले जाते, यावरून शिकाऱ्याची नजर जशी कळते, तशीच लेखकाची नीतीही कळते, असे आमचे म्हणणे आहे. ते सिद्ध करण्यास अस्वलासारखा दुसरा प्राणी नाही. कारण ज्याच्या आकाराविषयी मनुष्याचा डोळा हमखास फसतो, असा प्राणी तोच होय. म्हणून उत्तर अमेरिकेतील अस्वलविषयक लेखनातील काही प्रसिद्ध ठिकाणे घेऊन हा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम डोळा का फसतो ते पाहू. सांबराचा मोठेपणा त्याच्या शिंगांवर लिहिलेला असतो. अस्वलाच्या अंगावर असे काहीच नसते. नर आणि मादी लांबून सारखीच दिसतात. भरगच्च मोठी मादी व तरुण नर यांतला भेद करताना जाणत्यांचीही तारांबळ उडते. त्यातून अंगावर दाट केस. ते उन्हाळ्यात झडतात व हिवाळ्याच्या तोंडावर फुगतात. शीतनिद्रेपूर्वी हा प्राणी इतकी चरबी साठवितो की, वसंतात पाहिलेले अस्वल शरदात पुन्हा दिसले तर ते तेच असे सांगून खरे वाटू नये. अलास्काच्या किनाऱ्याकडील उघड्या उतारांवर तर मैल मैल झाड नाही. तुलनेला काही नसल्यामुळे दूरचे मोठे की जवळचे लहान हेच समजत नाही. आणि या सर्वांच्या जोडीला पाहणाराच्या मनातील भीती असते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो येथे चार पायांवर चालत येतो.

यावर तेथील अनुभवी वाटाड्यांनी जो तोडगा काढला आहे, तो मनन करण्यासारखा आहे. ते सांगतात की, आकार पाहूच नका, प्रमाण पाहा. कान मोठे, उभे व डोक्याच्या माथ्यावर जवळ जवळ दिसले, तर अस्वल लहान समजावे. कान इवलेसे व डोक्याच्या दोन बाजूंना दूर दूर बसविल्यासारखे दिसले, तर ते मोठे समजावे. याचे कारण असे की, कानांची वाढ लवकर पुरी होते आणि डोके मात्र पुढे कितीतरी वर्षे रुंदावत राहते. म्हणजे कान लहान होत नाहीत, त्यांच्या भोवतालचे अस्वल मोठे होते. तसेच पाय लांब दिसले तर जनावर कोवळे. पोट जमिनीकडे झुकलेले व पाय आखूड वाटले तर ते पोक्त. लहान अस्वल हलक्या पावलांनी झपझप चालते, इकडे तिकडे दचकून पाहते. मोठा नर अंग डोलवीत, कोणाची पर्वा नसल्यासारखा संथ चालतो. पायाच्या ठशावरूनही अंदाज बांधतात. पुढच्या पंज्याच्या तळव्याची रुंदी जितके इंच, त्यात एक मिळवावा, म्हणजे कातड्याचे माप सुमारे तितके फूट निघते, असा एक आडाखा आहे. परंतु चिखलात ठसा पसरतो, वितळत्या बर्फात तो वाढतो, आणि मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडला म्हणजे दोहोंचा मिळून एक राक्षसी पंजा तयार होतो. जाणता वाटाड्या म्हणून एका ठशावर भिस्त ठेवीत नाही. तो चार ठसे पाहतो.

हा सारा खटाटोप केवळ हौसेचा नाही. अलास्कात पिल्लांना व पिल्लांसह असलेल्या तपकिरी मादीला मारण्याची कायद्याने बंदी आहे. परक्या शिकाऱ्याने परवानाधारक वाटाड्या किंवा तेथे राहणारा जवळचा नातलग बरोबर असल्यावाचून या अस्वलाच्या मागे लागू नये, असाही नियम आहे. त्याचे मर्म उघड आहे. मादीला पाच-सहा वर्षांची होईपर्यंत बहुधा पिल्ले होत नाहीत. झाली म्हणजे ती दोन-तीन वर्षे तिच्यामागे असतात. तोपर्यंत पुढचे बाळंतपण नाही. इतक्या मंद गतीने वाढणाऱ्या जातीत एक मादी चुकून पडली, तर ते नुकसान त्या एका जनावरापुरते राहत नाही. मादी उघड्यावर एकटी दिसते आणि पिल्ले झुडपात निजलेली असतात. ‘केवढे मोठे अस्वल!’ असे म्हणून बोट चापावर नेण्यापूर्वी जो अर्धा तास थांबून पाहत नाही, त्याच्या चुकीला दुरुस्ती नाही. लेखकाने फुगविलेले अस्वल पुढच्या आवृत्तीत उतरविता येते. गोळी परत घेता येत नाही. परंतु नवशिक्या शिकाऱ्याचे डोळे ज्या गोष्टींवर पोसलेले असतात, त्या गोष्टी लेखकांनीच लिहिलेल्या असतात, हे विसरून चालणार नाही.

आता ग्रंथांकडे वळू. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेण्यास निघालेल्या लुइस व क्लार्क या दोन कप्तानांच्या रोजनिशीत ग्रिझली अस्वलाची जी वर्णने आहेत, ती आमच्या मते या विषयावरील उत्तम गद्य होत. मूळ रहिवाशांनी त्यांना या प्राण्याविषयी बजावून ठेवले होते. १८०५ च्या एप्रिल महिन्याच्या २९ तारखेस लुइसने एक पुरते न वाढलेले अस्वल मारले, तेव्हा त्यास असे वाटले की, धनुष्यबाण व भिकार बंदुका बाळगणाऱ्यांना हे जनावर भयंकर वाटत असेल, कुशल बंदूकवाल्यास तितके नाही. आठवडा लोटला नाही तोच, ५ मे रोजी, क्लार्क व त्याचा एक सोबती यांनी एक प्रचंड नर मारला. दहा गोळ्या लागल्या, त्यांपैकी पाच फुप्फुसांतून गेल्या. तरीही ते नदीचा अर्धा पाट पोहून वाळूच्या बेटावर गेले व वीस मिनिटांहून कमी वेळात मेले नाही. तराजू नव्हता. क्लार्कने पाचशे पौंड अदमास केला. लुइसला तो शंभर पौंडांनी कमी वाटला. दोघांची मते त्याने शेजारी शेजारी लिहून ठेविली. मग दोरी घेऊन मापे घेतली: नाकापासून मागच्या पायाच्या टोकापर्यंत ८ फूट ७॥ इंच, छातीचा घेर ५ फूट १०॥ इंच, मानेचा घेर ३ फूट ११ इंच, नखांची लांबी ४ इंचांहून अधिक.

या नोंदीचे मोल कशात आहे? आकड्यांत नव्हे. आकडा कोठून कोठपर्यंतचा हे सांगितले आहे, यात आहे. नाकापासून मागच्या पायाच्या टोकापर्यंत म्हटल्यामुळे नाकापासून शेपटापर्यंतच्या मापाशी त्याची गल्लत करता येत नाही. दोन अंदाज वेगळे असता एकच सांगितला नाही, यातही आहे. आणि आदल्या आठवड्यातील प्रौढीचे वाक्य खोडून टाकले नाही, हे तर सर्वांत मोठे. त्यामुळे लेखकाचे मत कसे पालटत गेले ते आपल्या डोळ्यांपुढे घडते. पुढे १४ जून रोजी एका म्हशीवर बार टाकून बंदूक पुन्हा न भरता उभा असलेला हाच लुइस अस्वल अंगावर येताच नदीत शिरला, तेही त्याने लिहून ठेविले आहे. अशा मनुष्याने ‘अस्वल मोठे होते’ म्हटले, तर आम्ही ते बिनदिक्कत मानू. या मंडळींच्या वर्णनांच्या आधारे १८१५ साली जॉर्ज ऑर्ड याने या प्राण्यास लॅटिन नाव दिले, त्यात ‘भयानक’ असे विशेषण आले. रोजनिशीतील भय मापाच्या शेजारी उभे होते; नावात माप गळून गेले व भय तेवढे उरले.

थिओडोर रूझवेल्ट यांची गोष्ट निराळी. ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले; पण १८८४ साली बिगहॉर्न पर्वतात त्यांनी आपले पहिले ग्रिझली मारले, तेव्हा ते पंचविशीतील गृहस्थ होते. १८८५ च्या आपल्या ग्रंथात या अस्वलाचे वजन त्यांनी हजार पौंडांच्या पुष्कळ वर धरले आहे, आणि इतके मोठे आपण त्यानंतर पाहिले नाही असेही म्हटले आहे. समुद्रकाठच्या, सामन माशांवर पोसलेल्या अस्वलांना असे वजन शोभते. परंतु रॉकी पर्वताच्या अंतर्भागातील नर ग्रिझली सातशे पौंडांच्या वर क्वचितच जातो, हे पुढील वजनांवरून स्पष्ट झाले आहे. रूझवेल्ट खोटे बोलले असे आम्ही म्हणत नाही. अंदाज हा अंदाज म्हणूनच त्यांनी सांगितला आहे. आमचा मुद्दा असा की, पहिल्या अस्वलाला शेजार नसतो. ज्याच्याशी ताडून पाहावे असे दुसरे अस्वल अजून मनात नसते. म्हणून ते मनात शिरते तेच सर्वांत मोठे होऊन शिरते, आणि पुढे कितीही अस्वले पाहिली तरी ती जागा सोडीत नाही. रूझवेल्ट यांचे वर्णन वाचताना पाने फडफडतात, दारूचा वास येतो. पण ज्या क्षणी वजनाचा आकडा येतो, त्या क्षणी लेखकाच्या आनंदाचे वजन आपण अस्वलाच्या खात्यावर मांडीत असतो.

याच गृहस्थांच्या नावाभोवती याच्या उलट प्रकारही घडला, ही मौजेची गोष्ट आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात मिसिसिपीच्या रानात त्यांच्यासाठी एक काळे अस्वल झाडाला बांधून ठेविले होते. त्यावर गोळी झाडण्याचे त्यांनी नाकारले. ते दोनशे पौंडांहून अधिक वजनाचे, वयात आलेले जनावर होते. क्लिफर्ड बेरीमन या व्यंगचित्रकाराने हा प्रसंग चित्रित केला, आणि पुढील चित्रांत त्याने ते अस्वल इतके लहान व गोजिरवाणे करीत नेले की, अखेर ते मुलांच्या पाळण्यात जाऊन बसले. ‘टेडी’ हे खेळण्याचे नाव रूझवेल्ट यांच्याच टोपणनावावरून पडले. भीतीने अस्वल वाढते, तसे कौतुकाने ते आखडते. माप दोन्हीकडून चुकते.

यावर कोणी म्हणेल की, इतके कशाला, सरळ मोजून टाकावे. तोही उद्योग झाला आहे. रूझवेल्ट यांच्याच पुढाकाराने १८८७ साली स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबाने १९३२ साली नोंदींचे पहिले पुस्तक काढले व १९५० साली मोजणीची नवी पद्धत ठरविली. तीत अस्वलाचे वजन विचारातच घेतलेले नाही. कातड्याचे माप शिकाऱ्यांना प्रिय. पण ओले कातडे ताणावे तितके ताणते. म्हणून कवटी घ्यावयाची, ती साठ दिवस वाळू द्यावयाची, आणि तिची लांबी व रुंदी यांची बेरीज करावयाची. १९५२ साली कोडिॲक बेटावर मारलेल्या एका अस्वलाची बेरीज ३०॥। इंच भरली व ती त्या वर्गातील उच्चांक ठरली. ही पद्धत प्रामाणिक खरी, कारण हाड खुशामत करीत नाही. परंतु त्या कवटीचा धनी जिवंतपणी लठ्ठ होता की खंगलेला, हे तीवरून कळत नाही. आणि कवट्यांवरच सर्वस्वी विसंबले म्हणजे काय होते, याचे उदाहरण शास्त्रातच आहे. हार्ट मेरियम या विद्वानाने १९१८ साली कवट्यांतील बारीक भेदांवरून उत्तर अमेरिकेतील ग्रिझली व तपकिरी अस्वलांच्या ऐंशीहून अधिक जाती व पोटजाती ठरविल्या. आजचे शास्त्र त्या सर्वांस एकाच जातीत घालते. म्हणजे मोजपट्टी हाती आल्याने प्रश्न सुटतो असे नाही. कशासाठी मोजावयाचे, हे ठाऊक असावे लागते.

आता निखळ कल्पित वाङ्मयातील दोन अस्वले घेऊ. थॉमस बँग्ज थॉर्प याची आर्कान्सामधील मोठ्या अस्वलाची कथा १८४१ साली प्रसिद्ध झाली. आगबोटीवर जमलेल्या उतारूंना जिम डॉगेट नावाचा रानगडी ती सांगतो. झाडांवरील ओरखड्यांच्या उंचीवरून त्याने अस्वलाचा आकार ताडला, आणि ते ओरखडे नेहमीहून कितीतरी वर होते. अंगावर येताना ते काळ्या धुक्यासारखे वाटले. त्याच्या कातड्याचे पलंगपोस केले तर दोन्ही बाजूंना कित्येक फूट खोचण्यास उरले. ही थाप आहे हे सांगणारा जाणतो, ऐकणारे जाणतात, वाचकही जाणतो. आमच्या साहित्यशास्त्राने अतिशयोक्तीला अलंकारांत जागा दिली ती याच अटीवर. अलंकार तो, जो अंगावर घातलेला दिसतो. तो कातडे म्हणून खपवावयाचा नसतो. थॉर्पचे यश असे की, शेवटी थाप मारणाराच गंभीर होतो. हे अस्वल माझ्या गोळीने मेले नाही, त्याची वेळ भरली म्हणून मेले, असे डॉगेटला मनापासून वाटते आणि तो स्तब्ध बसून राहतो. सर्व कथाभर फुगविलेले माप त्या स्तब्धतेत आपोआप गळून पडते, आणि मागे उरते ते मापाबाहेरचे काहीतरी. अतिशयोक्तीला याहून मोठे काम कोणी दिलेले आम्ही पाहिले नाही.

विल्यम फॉकनर याच्या १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बेअर’ या दीर्घकथेत रानही मिसिसिपीचेच. सापळ्याने एक पंजा निकामी झालेले वृद्ध अस्वल, त्याने फोडलेली कणगे व पळविलेली डुकरे यांच्या आख्यायिका ऐकत आयझॅक नावाचा मुलगा वाढतो. पाहण्यापूर्वीच ते त्याच्या मनात अवाढव्य झालेले असते. ते पाहावयाचे तर बंदूक ठेवून जावे लागेल, असे त्यास वृद्ध शिकारी सॅम फादर्स सांगतो. मुलगा बंदूक ठेवतो. तरी दिसत नाही. तेव्हा तो घड्याळ व होकायंत्र एका झुडपाला टांगतो, आणि रस्ता चुकल्यावर त्याला प्रथम पाणी भरत असलेला ताजा ठसा दिसतो व मग अस्वल. विचार करा: काळ मोजण्याचे व दिशा मोजण्याचे साधन टाकून दिल्यावर जे दिसते, त्याला लेखक फूट-इंच देत नाही. स्वप्नातल्याहून ते लहान आहे, अपेक्षेहून मोठे आहे. याहून नेमके माप आम्हांस सांगता येणार नाही. पुढे एकदा आपल्या चिमुकल्या कुत्र्याला वाचविण्यासाठी मुलगा बंदूक टाकून धावतो व थेट त्या अस्वलाच्या पुढ्यात पोहोचतो. ते वर मागच्या पायांवर उभे आहे, आणि त्याच्या मांडीच्या आतल्या बाजूस त्याला एक गोचीड दिसते. आमच्या मते सबंध कथेतील हे एकच खरेखुरे मोजमाप होय. मोठेपणा दाखविण्यास मोठी विशेषणे लागत नाहीत. लहान वस्तू योग्य जागी ठेवावी लागते. कानांवरून अस्वल ओळखणारा वाटाड्या आणि गोचिडीवरून ते दाखविणारा कादंबरीकार, या दोघांची विद्या एकच आहे.

आमच्या मराठी वाचकाच्या मनातील अस्वल बहुधा दरवेशाचे. नाकात वेसण, अंगावर धूळ, उपासाने खंगलेले असे ते जनावर पिढ्यान्‌पिढ्या आमच्या गल्ल्यांतून नाचत गेले. तो खेळ आता बंद झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून हौशी शिकारीचाही प्रश्न आमच्याकडे उरलेला नाही. मापाचा वाद मात्र आम्हांस नवा नव्हता. हिंदुस्थानातील शिकारी वाघाची लांबी दोन खुंट्यांमधील सरळ अंतराने मोजावी की पाठीच्या वळणावरून दोरी फिरवून मोजावी, यावर भांडत आले आहेत; दुसऱ्या रीतीने तोच वाघ काही इंच वाढतो. जिम कॉर्बेट याने १९४४ च्या आपल्या पुस्तकात पोवालगढच्या प्रसिद्ध वाघाची लांबी १० फूट ७ इंच सांगितली, ती वळणावरून घेतलेली आहे हेही सांगितले. एवढ्या एका शब्दाने त्याचा आकडा प्रामाणिक झाला.

तेव्हा शिकारकथेला आम्ही तीन कसोट्या लावू. माप कोठून कोठपर्यंत घेतले ते सांगितले आहे काय? शेजारी ताडून पाहण्यास काही ठेवले आहे काय? आणि वाढवून सांगितले असेल, तर ते वाढवून सांगितले आहे हे दिसू दिले आहे काय? या कसोट्या आम्हा टीकाकारांनाही लागू आहेत, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. नवा ग्रंथ हाती येतो, अजून त्याच्या शेजारी दुसरा ठेवलेला नसतो, आणि आम्ही ‘युगप्रवर्तक’ असा बार काढून मोकळे होतो. कधी स्नेहापोटी प्रौढ ग्रंथकाराला गोंजारून त्याचे खेळणे करतो. कधी पृष्ठे व आवृत्त्या मोजून कवटीवरून जिवंत प्राण्याचे वजन सांगतो. दोन अभिप्राय जुळत नसता दोन्ही लिहून ठेवणारा लुइस आमच्यांत दुर्मिळ आहे. अलास्कातील वाटाड्या दुर्बीण डोळ्यांस लावून बसतो, बरोबरच्या उतावळ्या शिकाऱ्याचा हात धरून ठेवतो, आणि कान केवढे दिसतात ते पुन्हा पाहतो; कारण झुडपात पिल्ले असतील. परीक्षणाचे पहिले कर्तव्य याहून वेगळे आहे असे आम्हांस वाटत नाही.